चांदीच्या रूपकावरील ‘परममाहेश्वर’ : कृष्णराजाच्या नाण्यांविषयीच्या मिराशींच्या मताची चिकित्सा

प्रस्तावना

मध्ययुगीन जर्मन प्रदेशांत बिशप, आर्चबिशप आणि मठाधिपती हे केवळ धर्मगुरू नव्हते, तर टांकसाळींचे धनीही होते. इ. स. ८३३ मध्ये सम्राट लुई याने कॉर्वे येथील मठास नाणी पाडण्याचा अधिकार दिला आणि पुढील तीन शतकांत मेंझ, कोलोन, ट्रीअर, माग्डेबुर्ग, हाल्बरश्टाट अशी धर्मपीठे स्वतःच्या नावाची चांदीची नाणी पाडू लागली. क्वेडलिनबुर्ग येथील मठाधिपतिनींनीही बाराव्या शतकात आपल्या प्रतिमेची नाणी काढली. भारतीय नाणेशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रकार दुरूनच ओळखीचा वाटतो. नाण्यावर देव, संत, धर्मचिन्हे आणि भक्तिदर्शक विशेषणे आपल्याकडेही विपुल आहेत. त्यामुळे अशा नाण्यांस सरसकट ‘धार्मिक नाणी’ म्हणून एका कप्प्यात टाकण्याचा मोह होतो. हा मोह टाळावयास हवा, कारण नाण्यावर धर्म असणे आणि नाणे धर्मसत्तेचे असणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद तपासण्यासाठी महाराष्ट्रात कलचुरी नृपती कृष्णराज याच्या चांदीच्या रूपकांइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या नाण्यांचा जो अन्वय महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी लावला, त्यावर विदर्भाच्या वाकाटकोत्तर इतिहासाचा एक मोठा भाग उभा आहे. मिराशींचे बहुतांश कार्य नागपुरात झाले. १९५५ मध्ये प्रकाशित झालेला कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा द्विखंडात्मक संग्रह आजही या विषयाचा पाया आहे. पाया म्हटला की त्याची खोली मोजणे आलेच. प्रस्तुत लेखात मिराशींच्या युक्तिवादातील नाणेविषयक दुवे तपासले असून, त्यांतील कोणते भार पेलतात व कोणते पेलत नाहीत याचा विचार केला आहे.

नाण्याचे स्वरूप

कृष्णराजाचे रूपक आकाराने लहान व वजनाने सुमारे दोन ग्रॅम असते. दर्शनी बाजूस राजाचे उजवीकडे पाहणारे मस्तक, तर मागील बाजूस बसलेला नंदी आणि त्याभोवती ब्राह्मी लिपीत ‘परममाहेश्वर-मातापितृपादानुध्यात-श्रीकृष्णराज’ असा लेख आहे. नाण्याचा व्यास लहान असल्याने लेखातील काही अक्षरे अनेकदा नाण्याबाहेर जातात. आरंभीच्या वाचनांत व कालनिश्चितीत जो गोंधळ झाला त्याचे हे एक कारण असावे. काही अभ्यासकांनी ही नाणी राष्ट्रकूट कुळातील कृष्णाकडे लावली होती. मिराशींनी ती कलचुरी कृष्णराजाची ठरविली. त्यासाठी त्यांनी दिलेला आधार भक्कम आहे. कृष्णराजाचा पुत्र शंकरगण याच्या अभोणे ताम्रपटात (कलचुरी संवत ३४७) कृष्णराजाचे वर्णन जन्मापासून पशुपतीच्या आश्रयास असलेला असे येते. नातू बुद्धराज याच्या वडनेर ताम्रपटात (संवत ३६०) राणी अनंतमहायी हिला पाशुपत म्हटले आहे. घराण्याची शैवनिष्ठा, अक्षरांचे वळण आणि नाण्यांची सापडण्याची ठिकाणे यांचा मेळ येथे बसतो. नाणे कोणाचे या प्रश्नाचे मिराशींनी दिलेले उत्तर स्वीकारण्यास प्रत्यवाय नाही.

खरा प्रश्न यापुढचा आहे. हे नाणे काय सांगते?

नंदी कोणाचा?

मागील बाजूवरील नंदी पाहताच ‘शैव नाणे’ हा निष्कर्ष आपोआप निघतो. मात्र पश्चिम भारतातील चांदीच्या नाण्यांची वंशावळ पाहिली की हा निष्कर्ष घाईचा ठरतो. क्षत्रपांच्या नाण्यावर राजाचे मस्तक आणि त्रिकूटासारखे पर्वतचिन्ह असे. क्षत्रपांचा पाडाव झाल्यावर गुप्तांनी मस्तक कायम ठेवून पर्वताच्या जागी गरुड आणला. स्कंदगुप्ताच्या पश्चिमेकडील चांदीच्या नाण्यांचा एक प्रकार तर बसलेल्या बैलाचा आहे आणि त्याच नाण्यावर राजास ‘परमभागवत’ म्हटले आहे. म्हणजे वैष्णव विशेषण आणि नंदी एकाच तुकड्यावर सुखाने नांदत होते. कृष्णराजाच्या टांकसाळीतील कारागिरांपुढे हाच नमुना असावा.

त्रैकूटकांचे उदाहरण याहून बोलके आहे. दह्रसेन आणि व्याघ्रसेन हे स्वतःस ‘परमवैष्णव’ म्हणवितात, पण त्यांच्या नाण्यावर गरुड नाही. क्षत्रपांचेच पर्वतचिन्ह आहे. चिन्ह बाजाराचे आणि शब्द राजाचा, अशी ही विभागणी आहे. व्यापारी आणि शेतकरी ज्या छापाला सरावले होते, तो छाप बदलण्याचा धोका सहसा कोणी पत्करीत नसे. ब्राह्मी लेख वाचता येणारे लोक मोजके होते, चिन्ह मात्र सर्वांस कळे. म्हणून नाण्याचा धर्म शोधावयाचा तर तो चित्रात नव्हे, लेखात शोधावा लागतो. कृष्णराजाच्या बाबतीत लेख आणि चित्र योगायोगाने एका दिशेला पाहतात, इतकेच म्हणता येईल. तो योगायोग राजाने हेतुपुरस्सर साधला असणे शक्य आहे. तसे असेल तर त्याने नवे चित्र घडविले नाही; बाजारात उपलब्ध असलेल्या जुन्या चित्रांतून आपल्यास सोयीचे ते निवडले.

पुढे याच कुळनामाच्या त्रिपुरीच्या कलचुरींनी ही गोष्ट पुरती स्पष्ट केली. तेही परममाहेश्वर होते, परंतु अकराव्या शतकात गांगेयदेवाने जी नाणी काढली त्यांवर शिव नाही, नंदी नाही. बसलेली लक्ष्मी आहे. उत्तर भारतातील इतर राजघराण्यांनी त्या छापाचे अनुकरण केले, ते शैव किंवा वैष्णव होण्यासाठी नव्हे, तर नाणे खपते म्हणून.

‘पादानुध्यात’ या शब्दाचा भार

लेखातील ‘परममाहेश्वर’ या पहिल्या विशेषणाकडे सर्वांचे लक्ष जाते. दुसऱ्याकडे तितके गेलेले नाही. ‘मातापितृपादानुध्यात’ म्हणजे आईवडिलांच्या चरणांचे चिंतन करणारा. ही केवळ पितृभक्ती नव्हे. तत्कालीन राजनीतीच्या भाषेत ‘पादानुध्यात’ हा नाते सांगणारा शब्द आहे. मांडलिक आपल्या सम्राटाचा, पुत्र आपल्या पित्याचा पादानुध्यात असतो. कृष्णराज आईवडिलांखेरीज कोणाचाही उल्लेख करीत नाही. वर महेश्वर, मागे मातापिता आणि मध्ये कोणी नाही. गुप्त आणि वाकाटक या दोन्ही सत्ता मावळल्यावर पश्चिमेकडे स्वतंत्र झालेल्या राजाची ही घोषणा आहे. तीत धर्म आहे तो सार्वभौमत्वाच्या भाषेचा भाग म्हणून.

जर्मन धर्मपीठांच्या नाण्यांशी तुलना करता फरक येथेच लख्ख दिसतो. कोलोनच्या पेनिगवर नगरास ‘पवित्र’ म्हटले जाते. हाल्बरश्टाटच्या नाण्यावर संत स्टीफन येतो, माग्डेबुर्गच्या नाण्यावर संत मॉरिस. हे संत त्या पीठाचे अधिष्ठाते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या मिळकतीचे मालकच होते. पेनिग पाडणारा बिशप त्या संताच्या वतीने पाडीत असे आणि त्यातून येणारा नफा पीठाच्या तिजोरीत जाई. हा नफा लहान नव्हता. माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान (११५२-११९२) याच्या काळात तेथील नाणी वर्षातून दोनदा रद्द होऊन नवी निघत. जुनी बारा देऊन नवी नऊ घ्यावयाची, असा दर अनेक ठिकाणी रूढ होता. आपल्याकडील सराफी भाषेत हा पंचवीस टक्के बट्टा झाला. एका बाजूने ठसा मारलेली, कागदासारखी पातळ ब्रॅक्टिएट नाणी या पद्धतीस फार सोयीची होती. ती टिकाऊ नव्हती आणि टिकावीत अशी अपेक्षाही नव्हती. १२२० मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याने धर्माधिपतींच्या प्रदेशांत त्यांच्या संमतीविना नवी टांकसाळ न काढण्याचे वचन दिले, ते या उत्पन्नाचे मोल ओळखूनच.

कृष्णराजाचे रूपक याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. ते सहा महिन्यांत रद्द झाले नाही. दीडशे वर्षांनंतरही त्याचे नाव चालत होते.

अंजनेरीचा पुरावा

नाशिकजवळच्या अंजनेरी येथे हरिश्चंद्रवंशीय भोगशक्तीचे ताम्रपट मिळाले. त्यांतील दानपत्राचे वर्ष कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ. स. ७१० च्या सुमाराचे आहे. भोगशक्ती हा बादामीच्या चालुक्यांचा मांडलिक होता व पुरी-कोकण प्रदेशावर त्याची सत्ता होती. जयपूर येथील नारायणाच्या देवालयास त्याने आठ गावे दिली आणि देवाच्या यात्रोत्सवाची व्यवस्था लावून दिली. हा देव राजाच्या नावावरून भोगेश्वर म्हणून ओळखला जाई. दुसऱ्या पटात ओस पडलेल्या समगिरी-पत्तनाचे पुनर्वसन आहे. तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ, निपुत्रिकाचे धन राजाने घ्यावयाचे नाही, अपराधांचे दंड रूपकांत ठरलेले आणि वाद उपस्थित झाल्यास नगरातील आठ किंवा सोळा प्रमुखांनी विचार करून दिलेला निर्णय मान्य. कुमारिकेवरील अत्याचारास १०८ रूपकांचा दंड आहे. अंजनेरीच्या लेखांत या चलनाचे ‘कृष्णराजरूपक’ असे नाव येते. (नाणेशास्त्राच्या संशोधनास वाहिलेली संस्था आज त्याच अंजनेरीत आहे, हे स्थळमाहात्म्यच म्हणावयाचे.)

मिराशींनी या उल्लेखावरून कृष्णराजाची नाणी त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षे चलनात होती, असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष मोलाचा आहे, परंतु त्याचे दोन अर्थ संभवतात. एक, कृष्णराजाच्या हयातीत पाडलेली नाणीच हातोहात फिरत राहिली. दुसरा, ‘कृष्णराजरूपक’ हे हिशेबाचे परिमाण बनले आणि प्रत्यक्ष देवघेव वजनाने, अन्य नाण्यांनी किंवा त्याच छापाच्या नंतरच्या नाण्यांनी होत राहिली. दोन ग्रॅमचे चांदीचे नाणे दीडशे वर्षे हाताळले गेल्यास किती झिजेल, याचा विचार केला तर दुसरा अर्थ सहजी बाजूस सारता येत नाही. शंकरगण आणि बुद्धराज यांच्या नावाची अशी नाणी ओळखली गेलेली नाहीत. तेव्हा पिता व पितामह यांच्या नावाचाच ठसा त्यांनी पुढे चालविला असणे शक्य आहे.

अशा प्रथेसाठी दूर जाण्याचे कारण नाही. नागपूरकर भोसल्यांच्या कटक टांकसाळीतील रुपयांवर मोगल बादशहा अहमदशहाचे नाव असे. अहमदशहा १७५४ मध्ये पदच्युत झाला, पण कटकच्या रुपयावर त्याचे नाव पुढे कित्येक वर्षे राहिले. या रुपयांवरून अहमदशहाची सत्ता नागपुरावर किंवा कटकवर होती, असे कोणी म्हणणार नाही. शिवराईचेही तेच. छत्रपतींच्या नावाचा तो पैसा पेशवाईतही पाडला जात होता. नाण्यावरचे नाव पाडणाऱ्याचे असतेच असे नाही. पुष्कळदा ते विश्वासाचे नाव असते.

विदर्भाचा प्रश्न

येथपर्यंतचे विवेचन मान्य केल्यास मिराशींच्या युक्तिवादातील एक दुवा सैल होतो आणि तो नेमका विदर्भाशी संबंधित आहे. रामटेकजवळील नगरधन, म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन, येथून दिलेला स्वामिराजाचा ताम्रपट ३२२ या वर्षाचा आहे. संवताचे नाव लेखात नाही. मिराशींनी तो कलचुरी संवत मानून लेखाचा काळ इ. स. ५७३ ठरविला. स्वामिराज स्वतःस परमभट्टारकाचा पादानुध्यात म्हणवितो, पण त्या सम्राटाचे नाव सांगत नाही. मिराशींच्या मते हा अनामिक सम्राट कृष्णराज होय, आणि त्याची रूपके अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथे सापडल्याने विदर्भ त्याच्या अंमलाखाली असल्याचे सिद्ध होते.

येथे दुव्यांची मांडणी पाहावी. संवत कलचुरी मानावयाचा, कारण विदर्भ कलचुरींच्या अंमलाखाली होता. विदर्भ त्यांच्या अंमलाखाली होता, कारण नाणी सापडली. नाणी सत्तेची साक्ष मानावयाची, कारण ताम्रपटावर कलचुरी संवत आहे. तीन काठ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्यासारखे हे झाले. मिराशींनी इतक्या उघड शब्दांत असे म्हटलेले नाही. त्यांच्याजवळ लिपीचा स्वतंत्र आधार होता. मात्र त्यांच्यानंतरच्या पाठ्यपुस्तकी लेखनात लिपीचा आधार गळून गेला आणि उरल्या त्या या तीन काठ्या.

नाणे सापडले तेथे राज्य, हे समीकरण कृष्णराजाच्या बाबतीत तर मुळीच चालत नाही. ही रूपके मुंबई व साष्टी बेटांवर, बागलाणातील देवळाणे येथे, सातारा भागात, बैतूल जिल्ह्यात, माळवा-राजपुतान्यात अशी दूरवर मिळाली आहेत. चांगले चांदीचे नाणे व्यापाऱ्याच्या कमरेच्या कशातून सीमा ओलांडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मिराशींचा अंजनेरीविषयीचा निष्कर्षच त्यांच्या धामोरीविषयीच्या निष्कर्षास छेद देतो. कलचुरींची पश्चिमेकडील सत्ता संपून शंभर वर्षे झाल्यावर, चालुक्यांच्या मांडलिकाच्या प्रदेशात हे रूपक चालत असेल, तर धामोरीचा साठा ५७३ च्या आसपास पुरला गेला की ६५० च्या, हे केवळ नाण्यावरील नावावरून सांगता येणार नाही. एकच नाणे एका ठिकाणी सत्तेचा पुरावा आणि दुसऱ्या ठिकाणी सत्तेनंतरच्या चलनाचा पुरावा होऊ शकत नाही; निदान त्यासाठी आणखी काही सांगावे लागते.

पर्याय काय? ३२२ हे वर्ष गुप्त संवताचे मानल्यास लेख इ. स. ६४१ च्या सुमाराचा ठरतो आणि अनामिक परमभट्टारक म्हणून तीन महाराष्ट्रकांचा स्वामी चालुक्य पुलकेशी दुसरा पुढे येतो. हा पर्याय आकर्षक दिसला तरी लिपीच्या कसोटीवर दुबळा आहे. शिवाय चालुक्यांच्या मांडलिकाने गुप्त संवत का वापरावा, याचे उत्तर त्यास देता येत नाही. तेव्हा मिराशींनी दिलेला ५७३ हा काळ बहुधा योग्य आहे. परंतु तो योग्य आहे तो अक्षरवळणामुळे, नाण्यांमुळे नव्हे. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण उद्या धामोरीची नाणी नंतरच्या काळातील ठरल्यास स्वामिराजाचा काळ त्याबरोबर कोसळू नये, यासाठी तो आवश्यक आहे.

नाणी हाती आल्यावर जुने मत सोडण्याची परंपरा नागपूरला नवी नाही. वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडलीच नाहीत, असे दीर्घकाळ मानले जाई. पवनार आणि विदर्भातील इतर ठिकाणच्या तांब्याच्या नाण्यांनी तो समज ढळला आणि नागपूर विद्यापीठातील अजय मित्र शास्त्री यांनी त्यांतील काही नाणी वाकाटकांची असल्याचे मत मांडले. कृष्णराजाच्या बाबतीतही १९७६ मध्ये शोभना गोखले यांनी घारापुरी येथील त्याच्या तांब्याच्या नाण्यांचा साठा प्रसिद्ध केला. वॉल्टर स्पिंक यांनी त्या नाण्यांची सांगड घारापुरीच्या शैव लेण्याच्या खोदकामाशी घातली. मजुरीसाठी तांब्याचे स्थानिक चलन आणि दूरच्या व्यापारासाठी चांदीचे रूपक, असा भेद त्यातून सूचित होतो. सत्तेचा मागोवा घ्यावयाचा तर तांब्याच्या नाण्यांवर अधिक भिस्त ठेवावी लागेल, कारण तांबे सहसा दूर जात नाही. धामोरीच्या चांदीस हे बळ नाही.

मठाची टांकसाळ का नाही?

शेवटचा प्रश्न तुलनेतून उद्भवणारा आहे. कॉर्वेच्या मठास जे मिळाले ते आपल्याकडील मठ-देवालयांस का मिळाले नाही? देवस्थाने दुर्बल होती, हे त्याचे उत्तर नव्हे. त्रिपुरीच्या युवराजदेवाने शैवाचार्य सद्भावशंभू यांस तीन लक्ष गावांचा प्रदेश भिक्षा म्हणून दिल्याचे मलकापुरम् येथील १२६१ च्या लेखात नमूद आहे. आकडा अतिशयोक्त मानला तरी गोलकी मठ हा कोणत्याही जर्मन मठापेक्षा लहान धनको नव्हता. तरीही या आचार्यांच्या नावाचे नाणे ज्ञात नाही.

दानपत्रांची भाषा याबाबत मार्गदर्शक ठरते. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाबरोबर काय काय दिले याची लांबलचक यादी असते. गावात सैनिकांनी शिरावयाचे नाही, कर घ्यावयाचे नाहीत, इतकेच काय, जमिनीत पुरलेला निधी आणि उपनिधीही देवास किंवा ब्राह्मणास दिला जातो. सापडलेल्या धनावरील हक्क राजा सोडतो, पण धन घडविण्याचा हक्क त्या यादीत येत नाही. अर्थशास्त्रात लक्षणाध्यक्ष व रूपदर्शक हे राजाचे अधिकारी आहेत. ती चौकट दानपत्रांच्या मागे उभी असावी. जर्मनीत सम्राट बाजार, जकात आणि टांकसाळ ही तिन्ही एकत्र बहाल करी, म्हणून तेथील धर्मपीठाच्या सणाला भरणाऱ्या बाजारात बिशपचे नाणे चाले. जर्मन भाषेत पूजाविधीस आणि जत्रेच्या बाजारास एकच शब्द आहे. जयपूरच्या नारायणाचा यात्रोत्सवही बाजाराशी निगडित होता, परंतु तेथे देवाकडे गावे गेली, व्यापाऱ्यांकडे व्यवस्था गेली, आणि नाणे मात्र दीड शतकापूर्वीच्या, दुसऱ्याच घराण्याच्या, परममाहेश्वर राजाचे राहिले. वैष्णव देवालयाच्या दानलेखात शैव राजाच्या नाण्याचे नाव आले, याचे कोणास काही वाटले नाही.

राजाव्यतिरिक्त एखाद्या समूहाने स्वतःची मोहर उमटविल्याचे विदर्भातील उदाहरण पुन्हा नगरधनच्या त्याच ताम्रपटावर आहे. स्वामिराजाचा भाऊ नन्नराज याने महामात्रांच्या, म्हणजे हत्तींच्या माहुतांच्या, गणाने केलेल्या विनंतीवरून हे दान दिले. पटाच्या मुद्रेवर राजाचे नाव नाही. हत्तीशी संबंधित चिन्हे असून ‘गणदत्तिः’, म्हणजे गणाने दिलेले दान, अशी अक्षरे आहेत. माहुतांच्या संघाला राजाच्या दानपत्रावर आपली मुद्रा लावता येत होती. ती मुद्रा तांब्याच्या पटाला जोडलेली आहे. चांदीवर ती कधी उमटली नाही.